जास्तीचा शब्द

कुमुदिनी दामलेच्या हाताखाली काम केलेली पोरं तिच्याबद्दल एकच तक्रार करतात. बातमीतलं सगळ्यात झकास वाक्य असेल, बाई नेमकं तेच कापतात. "मॅम, यही तो स्टोरी की जान थी," असं कुणी कुरकुरलं की ती चष्मा कपाळावर सरकवते आणि विचारते, "हे तुला ज्याने सांगितलं, त्याच्याखेरीज असं बोलणारं आणखी कोण आहे?" वाक्य जातं. नोएडाच्या त्या ऑफिसात नव्याने आलेल्यांना वाटतं, बाईंना भाषेचं वावडंच असावं. एके काळी या बाईचं नाव भाषेवरच झालं होतं, हे आता फार थोड्यांना ठाऊक आहे.

ती मूळची चिंचवडची. लग्नानंतर नवऱ्याच्या, विनयच्या नोकरीपायी नोएडाला आली, एका इंग्रजी दैनिकात लागली आणि काही वर्षांत सैन्याच्या बातम्या तिच्याकडे आल्या. त्या बातम्या करणारे बहुतेक पुरुष होते. कुणाचे वडील ब्रिगेडियर, तर कुणाचे सासरे ॲडमिरल. कुमुदिनीचा असा कुणीच नव्हता. पण तिच्याकडे मराठी होतं. मोठ्या साहेबांच्या पत्रकार परिषदेनंतर बाकीचे साहेबांभोवती गोळा होत, तेव्हा ही गाडीपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारी, "कुठले तुम्ही? सातारा का सांगली?" आणि त्या माणसाचा चेहरा असा काही खुलायचा की पुढची दहा मिनिटं तो थांबतच नसे.

सुकन्या शेडगे तिला भेटली ती कँटोन्मेंटमधल्या गणपतीत. प्रसादाचा मोदक तोंडात टाकला आणि कुमुदिनी जागच्या जागी थांबली. "हे कुणी केलेत?" तिने विचारलं. मागच्या रांगेतून एक सावळी, ठेंगणी बाई ओढणीला हात पुसत पुढे आली. सुकन्याचा नवरा मल्हारी तोफखान्यात हवालदार होता. दोघंही माण तालुक्यातली. सुकन्या क्वार्टरमध्ये गोडा मसाला आणि मेतकूट करून विकायची. कुमुदिनी मसाला न्यायला जाऊ लागली, मग चहाला थांबू लागली, आणि मग मसाला संपलेला नसतानाही जाऊ लागली.

त्यांची मुलगी सोनम तेव्हा सहावीत होती. दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे निम्मी हिंदी. "मावशी, मी थकून गेली, मला तकिया दे ना," म्हणायची. कुमुदिनीला मूलबाळ नव्हतं. दर रविवारी सोनमला मराठी शिकवायचं, असं तिने आपणहून ठरवून टाकलं. एकदा धड्यात उंबरठा आला. तो काय असतो हे दाखवायला कुमुदिनी उठली, तर त्या क्वार्टरला उंबरठाच नव्हता. सुकन्या पोट धरून हसली होती.

मल्हारी घरी असला की धड्यात लुडबुड करायचा. माणूस बोलायला कमी, पण प्रत्येक वस्तूला नाव ठेवायची त्याला भारी हौस. खडखडणाऱ्या कुलरला तो 'हवालदारीण' म्हणायचा, कारण आवाज मोठा आणि वारा कमी. सुकन्या लाटणं उगारायची. स्कूटरला 'म्हातारी', वरच्या मजल्यावरच्या सुभेदाराला 'आकाशवाणी'. कुमुदिनी घरी जाऊन ती नावं विनयला सांगायची आणि दोघंही हसायचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मल्हारीची बॅटरी, म्हणजे त्याची तोफांची तुकडी, सरावासाठी वाळवंटात गेली. काही दिवसांनी कुमुदिनीच्या टेबलावर सरकारी पत्रक आलं. सरावादरम्यान तांत्रिक बिघाड, एका जवानाचा मृत्यू, काही जखमी, चौकशीचे आदेश. तिने त्याच्या चार ओळी केल्या आणि आतल्या पानाला लावून टाकल्या. अशी पत्रकं अधूनमधून येतच असतात.

पुढच्या रविवारी ती धड्याला गेली, तर मल्हारी घरात होता. एका कानात कापसाचा बोळा, गालापासून मानेपर्यंत भाजल्याचे डाग. तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता, आणि ते त्याला कळत नव्हतं.

"ताई, तुम्ही छापलेली बातमी वाचली," तो म्हणाला. "चार ओळी. तांत्रिक बिघाड. पृथ्वीराजच्या आईलाही हेच कळवलंय."

पृथ्वीराज हा मल्हारीच्या तोफेवरचा पोरगा, कागलचा. दिवाळीत याच घरी येऊन त्याने चकल्यांचा डबा फस्त केला होता.

सुकन्याने सोनमला खेळायला बाहेर पाठवलं. मग मल्हारीने सगळं सांगितलं. एका कारखान्यातून आलेले गोळे पहिल्यापासूनच त्रास देत होते. डागला की काही जायचेच नाहीत, काही जायचे ते वाळूत नुसते पडून राहायचे. "आम्ही त्यांना रुसूबाई म्हणायचो," तो म्हणाला. "रुसूबाई आली रे, म्हणायचं आणि मागं सरायचं. वर कळवलं, पुन्हा कळवलं. बघतो म्हणाले. त्या दिवशी ती नळीतच भडकली. मी बाजूला होतो म्हणून कानावर निभावलं. पृथ्वीराज मागं होता."

"अहो, बास," स्वयंपाकघराच्या दारातून सुकन्या म्हणाली. "असलं कुणाशी बोलायचं नसतं, हे तुम्हीच सांगता ना मला?"

"कुणाशी कुठं बोलतोय? ताईंशी बोलतोय."

त्याने कानातला बोळा दाबून बसवला. मग मल्हारी म्हणाला, "शत्रूला कळू नये हे मला पटतं, ताई. इतकी वर्षं तेच सांभाळलं. गावी गेलो तरी कुठं होतो हे आईला सांगितलं नाही कधी. पण शेजारच्या बॅटरीला तरी कळायला हवं ना? तेच गोळे त्यांच्याकडं गेलेत. त्यांच्या तोफेवरही कुणाचं तरी पोरगं असेल."

"मी लिहिलं तर चालेल?" कुमुदिनीने विचारलं.

तो सुकन्याकडे बघत राहिला. सुकन्याने मान फिरवली.

"लिहा. माझं नाव नको."

"कुठेही येणार नाही," कुमुदिनी म्हणाली. "माझा शब्द."

ती घाईची बातमीदार नव्हती. ऐकलं आणि छापलं, असं तिने कधी केलं नव्हतं. त्या दिवसापासून तिने मल्हारीला फोन करणं बंद केलं. फोन कोण बघेल सांगता येत नाही. तिने दुसरीकडून माग काढला. आणखी दोन ठिकाणी तेच गोळे न फुटता पडले होते, एका ठिकाणी तोफेची नळी तडकली होती. तोफखान्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला तिने नाव-गाव न सांगता विचारलं. पेपरच्या वकिलाशी बसली. सरकारी गुपितांचा कायदा कुठपर्यंत पोहोचतो, हे त्याने तिला समजावून सांगितलं. आणि मग, सरकारची बाजू हवी म्हणून, ती कर्नल राजवीर यांना भेटायला गेली.

कर्नल राजवीर पत्रकारांशी बोलण्याचं काम बघत. हरियाणाचे, उंचेपुरे, आणि खोटं बोलायची वेळ आली तर गप्प बसणारे, असा त्यांचा लौकिक होता. मोबाईल खाली काउंटरवर जमा करून कुमुदिनी वर गेली. तिचे प्रश्न त्यांनी वाचले, पुन्हा वाचले आणि कागद उलटा ठेवला.

"मैडम, मत छापिए, यह मैं नहीं कह रहा," ते म्हणाले. "कह भी नहीं सकता. दो महीने रुक जाइए."

कारण त्यांनी उघडच सांगितलं. सीमेवर ताण होता. कुठल्या तोफा आज भरवशाच्या नाहीत, हे सकाळच्या पेपरात छापून येणं म्हणजे समोरच्याला आयतं ताट वाढून देणं. दोन महिन्यांत गोळे बदलले जातील, मग खुशाल लिहा.

"आणि या दोन महिन्यांत आणखी एखादी नळी फुटली तर?" कुमुदिनीने विचारलं.

कर्नलनी उलटा ठेवलेला कागद पुन्हा सरळ केला. "तर मैंने आपको रोका था, यह मुझे ज़िंदगी भर याद रहेगा," ते म्हणाले.

त्या उत्तराने ती हलली. समोरचा माणूस उर्मट असता तर तिचं काम सोपं झालं असतं. परतताना मेट्रोत उभ्या उभ्या तिला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या, आणि दोन्ही बाजूंना कुणाचं तरी पोरगं उभं होतं.

संपादक इंद्रजित बोस यांनी निर्णय घेतला. दोन महिने थांबायचं नाही, पण आंधळेपणानेही छापायचं नाही. तोफ कुठली, गोळे किती, कुठल्या कारखान्याचे, सराव कुठे चालला होता, कुठली बॅटरी, यातलं काही म्हणता काही द्यायचं नाही. गोळे खराब आहेत, वर कळवूनही वापरात राहिले आणि एक पोरगा गेला, एवढंच. शत्रूच्या हाती काही लागणार नाही आणि ज्यांनी जागं व्हायला हवं ते होतील. तीन दिवस दोघं एकेक ओळ चाळत बसले. कुमुदिनीने आकडा पुसला, दिशा पुसली, ऋतूसुद्धा पुसला. देशाच्या सुरक्षेला धक्का लागेल असं एक अक्षर त्या मजकुरात उरलं नाही, हे पुढे चौकशी करणाऱ्यांनीही मान्य केलं.

पण एवढं सगळं काढल्यावर जे उरलं, ते अगदीच मरगळलेलं होतं. सरकारी पत्रकच जरा लांबवून लिहिल्यासारखं. कुमुदिनीने ते वाचलं आणि तिचं मन खट्टू झालं. चार ओळींची बातमी आता चाळीस ओळींची झाली होती, एवढाच काय तो फरक. वाचणारा पान उलटून पुढे जाणार. पृथ्वीराज पुन्हा एकदा आतल्या पानात मरणार.

म्हणून तिने तो शब्द घातला. जवान त्या गोळ्यांना रुसूबाई म्हणतात. मराठीत रुसून बसणाऱ्या लहान मुलीला असं चिडवतात. इंग्रजी बातमीत तो मराठी शब्द तिरप्या अक्षरांत उभा राहिला आणि सगळा मजकूर एकदम जिवंत झाला. इंद्रजितांनी वाचलं, त्यांचे डोळे चमकले. "अरे, यही तो हेडलाइन है!" ते म्हणाले.

काहीतरी टोचलं होतं तेव्हा. पुढे कित्येकदा तिने तो क्षण आठवून पाहिला, आणि टोचलं होतं हे तिला स्वतःपासून लपवता आलं नाही. पण तिने स्वतःची समजूत घातली. तोफखान्यात मराठी पोरं काय एकाच ठिकाणी आहेत? हा शब्द तर कुणालाही सुचेल. 'आम्ही म्हणायचो' असं मल्हारी म्हणाला होता. आम्ही म्हणजे सगळे, असं तिने धरून चाललं. आम्ही म्हणजे कोण, हे विचारायचं राहिलं. फोन करायचा नाही, असं त्याच्याच भल्यासाठी ठरवलेलं. रविवारी धड्याला गेल्यावर विचारता आलं असतं. बातमी शनिवारी दुपारीच छपाईला गेली. आणि घरातल्या कुलरपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला नाव देणाऱ्या माणसाच्या घरी ती इतक्या वेळा बसली होती. कुणी विचारण्याआधीच तिला कळायला हवं होतं.

बातमी गाजली. संध्याकाळपर्यंत सगळ्या चॅनेलांवर तो शब्द वेडावाकडा उच्चारला जात होता. संसदेत प्रश्न आला. आठवड्याभरात ते गोळे सगळीकडून काढून घेतल्याचं जाहीर झालं आणि चौकशी नेमली गेली. कागलहून पृथ्वीराजच्या मामाचा फोन आला, तो नुसता रडत होता. कुमुदिनीला लोक ऑफिसच्या लिफ्टमध्ये थांबवून हात मिळवत होते. विनयने त्या दिवशी घरी जिलेबी आणली. सांगायला लाज वाटते, पण ते दिवस तिच्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते.

मग एका दुपारी सुकन्याचा फोन आला.

"ताई, आज ह्यांना ऑफिसात बोलावलं होतं."

कुमुदिनी डेस्कवरून उठून जिन्यात गेली.

"साहेबांनी पेपर समोर ठेवला आणि विचारलं, हे रुसूबाई कुणाचं? बॅटरीत सगळ्यांना माहीत आहे ना, नावं कोण ठेवतं ते. आणि रुसूबाई तर फक्त ह्यांच्या तोफेवर म्हणायचे, बाजूच्या तोफेवरही नाही. ते म्हणाले, माझं आहे साहेब."

"नाही म्हणायचं होतं ग."

"खोटं बोलायचं? साहेबांसमोर?" सुकन्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मग तिचा आवाज बारीक झाला. "ताई, बाकीचं सगळं लिहिलंत ते ठीक. पण तेवढा शब्द कशाला घेतलात?"

चांगला होता म्हणून घेतला, हे खरं उत्तर होतं.

"मी काहीतरी करते," ती म्हणाली. "तू घाबरू नकोस."

तिने काय करायचं बाकी ठेवलं नाही, असं म्हणता येईल, आणि काहीच करू शकली नाही, असंही. ती तडक इंद्रजितांकडे गेली. आपण वकील देऊ, म्हणाली, त्याच्या साहेबांकडे जाऊन सांगते की या माणसाने देशाचं काही बिघडवलेलं नाही. इंद्रजितांनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"कुमुद, तू त्याच्या बाजूने उभी राहिलीस की त्याच्याविरुद्धचा पुरावा पुरा झाला," ते हिंदीत म्हणाले. "आत्ता त्याने फक्त शब्द आपला असल्याचं कबूल केलंय. तो तुझ्याशी बोलला, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. तू एक पाऊल टाकलंस तर ते तू सिद्ध करशील. आपण त्याला ओळखत नाही. आपल्याला असंच म्हणावं लागेल."

आपल्याला सांगणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. हाच नियम एक दिवस आपल्याला त्याच्या दाराशीही जाऊ देणार नाही, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या रविवारी ती धड्याला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सोनमचा मेसेज आला, 'मावशी क्यों नहीं आई?' त्यालाही तिने उत्तर दिलं नाही. वकिलाने तसंच बजावलं होतं.

न राहवून ती कर्नल राजवीरना भेटली, कुठल्याशा कार्यक्रमात, लोकांपासून दूर, लॉनच्या कडेला. नाव न घेता म्हणाली, एका जवानाला त्रास होतोय असं ऐकलं. तो जर बोललाच असेल, तर भल्यासाठीच बोलला असेल.

कर्नल सगळं समजून होते. "आपने वह सब काट दिया जिसकी मुझे चिंता थी," ते म्हणाले. "मैंने उस दिन पढ़कर मन ही मन आपको शुक्रिया कहा था. वह शब्द भी पढ़ा. मुझे भी अच्छा लगा." जरा थांबून ते हळूच म्हणाले, "देश की चिंता करना मेरा काम है, मैडम. उस आदमी की चिंता तो आपको करनी थी."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ती तोंडात मारल्यासारखी उभी राहिली.

मल्हारीची चौकशी महिनोन्महिने चालली. मल्हारीचा फोन जमा करून घेतला, तपासला, त्यात काही निघालं नाही. तो कुणाशी बोलला, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. घरात बायकोशी बोललो, तिथून कुठं गेलं माहीत नाही, एवढंच म्हणत राहिला. म्हणजे सगळं त्याने सुकन्यावर टाकलं, आणि सुकन्यानेही ते मान खाली घालून घेतलं. कँटोन्मेंटमधल्या बायका तिच्याकडून मसाला घेईनाशा झाल्या. ही पोटात काही ठेवत नाही, असं तिच्याबद्दल पसरलं. मल्हारीला तुरुंगवास झाला नाही. नायब सुभेदार होणार होता, ते गेलं. मुदतीआधी घरी पाठवलं. पेन्शन वाचली, पण डिस्चार्ज बुकातला वागणुकीचा शेरा असा पडला की माजी सैनिकांसाठीच्या बऱ्या नोकऱ्या त्याला मिळेनात.

हे सगळं कुमुदिनीला तुकड्यातुकड्यांनी, इकडून तिकडून कळत गेलं. विनय तिची समजूत घालायचा. "तू चुकीचं काहीच छापलं नाहीस."

"चुकीचं नाही रे," ती म्हणायची. "जास्तीचं छापलं."

वर्षभराने, प्रकरण पुरतं थंडावल्यावर, वकिलाला न विचारता तिने त्यांचा पत्ता शोधला. गावी ती दोघं गेलीच नव्हती. गावात लोक विचारणार, लवकर का आलात. पानिपतजवळच्या एका ब्लँकेटच्या गिरणीत मल्हारी सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर होता आणि गिरणीमागच्या दोन खोल्यांत ती राहत होती. कुमुदिनी सकाळच्या गाडीने गेली. वाटेत तिने सोनमसाठी पुस्तकं घेतली, मग ती कशी द्यायची असं वाटून पिशवीतच ठेवली.

मल्हारीनेच दार उघडलं. त्याने नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली. एका कानाने त्याला आता ऐकूच येत नव्हतं, म्हणून तो दुसरा कान तिच्याकडे करून बसला.

"बरं केलंत, आलात," तो म्हणाला. "मला सांगायचंच होतं. त्या दुसऱ्या बॅटरीतला एक जण भेटायला आला होता, सांगलीकडचा. म्हणाला, शेडगे, तुमच्यामुळं आमचे गोळे गेले. त्याला मुलगा झालाय आता. ताई, तुम्ही लिहिलंत ते चांगलंच झालं. माझ्या मनात काही नाही."

"माझ्यामुळे झालं हे सगळं, मल्हारीभाऊ."

"शब्द माझाच होता की," तो म्हणाला. "तुम्हाला मीच सांगितला. मला तरी कुठं सुचलं की हा नको."

ती अर्धी जबाबदारी तो इतक्या सहज उचलून घेत होता की कुमुदिनीला ती देववेना आणि नाकारताही येईना. तिने विचारलं, "सुकन्या?"

आत भांड्यांचा आवाज येत होता. चहा घेऊन सोनम आली. वर्षभरात ती हातभर उंच झाली होती. तिने कप ठेवला.

"कशी आहेस ग?" कुमुदिनीने विचारलं. "मराठी वाचतेस का अजून?"

"टाइम नहीं मिलता, आंटी," सोनम म्हणाली. तिने आतल्या खोलीत आईकडे वळून पाहिलं आणि आत गेली.

बऱ्याच वेळाने सुकन्या बाहेर आली. वाळली होती. उभ्याउभ्याच तिने हात जोडले. कुमुदिनी उठून पुढे झाली, "सुकन्या, मला..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"बैठिए मैडम," सुकन्या म्हणाली. "खाना खाकर जाइएगा?"

ओळख झाल्यापासून या बाईने तिच्याशी हिंदीचा एक शब्द काढला नव्हता. हिंदी बाजारासाठी, भाजीवाल्यासाठी, शाळेतल्या बाईंसाठी होती. उंबरठ्याच्या आतल्यांशी मराठीच. आता तिचा आवाज आर्जवी होता, चेहऱ्यावर राग नव्हता. दारात आलेल्या कुणाही परक्या बाईशी बोलावं तशी ती बोलत होती. कुमुदिनी नाही म्हणाली, गाडीची वेळ झाली आहे म्हणाली. सुकन्याने थांबवलं नाही.

मल्हारी तिला रिक्षापर्यंत सोडायला आला. गिरणीच्या भोंग्याने त्यांचं बोलणं थोडं तुटलं. भोंगा थांबल्यावर तो म्हणाला, "ताई, एक सांगू? राग मानू नका. पुन्हा येऊ नका. तुम्ही गेल्यावर ती दोन दिवस जेवणार नाही. माझं काय, मी बाहेर असतो, माणसांत असतो. तिला अजून वाटतं, तिनं तुम्हाला त्या दिवशी घरात घेतलं नसतं तर बरं झालं असतं."

"मी फोन करू कधी?"

तो विचारात पडला. त्याला नाही म्हणणं जड जात होतं, हे दिसत होतं.

"नको," तो शेवटी म्हणाला. "काही असलं तर मी करीन."

रिक्षा निघाल्यावर तिने मागे वळून पाहिलं. तो गेटपाशी सरळ उभा राहून आत जाणाऱ्या एका ट्रकचा नंबर टिपून घेत होता.

त्याचा फोन आला नाही. कुमुदिनीने पुढे सैन्याच्या बातम्या सोडल्या आणि डेस्कवर काम मागून घेतलं. पुस्तकांची पिशवी बरेच दिवस कपाटात होती. मग विनयने विचारून ती शेजारच्या मुलीला देऊन टाकली. गोळे गेले, एक पोर वाचलं, कदाचित जास्तही वाचली असतील. ते तिला कधी खोटं वाटलं नाही, आणि तसं लिहिल्याचा पश्चात्तापही तिला कधी झाला नाही. तिला फक्त त्या शनिवारची दुपार परत हवी असते. सगळा मजकूर तयार आहे, एक शब्द सोडून. तिने तसाच पाठवावा, थोडा मरगळलेला, थोडा सरकारी, आणि दुसऱ्या दिवशी उठून कँटोन्मेंटला धड्याला जावं.